खुब्यात धातूचा सांधा किंवा रॉड असताना रेडिओथेरपी: नियोजन कसे होते आणि कुटुंबाने काय तयारी करावी?

थोडक्यात

• खुब्यात कृत्रिम सांधा, प्लेट किंवा रॉड असला तरी रेडिओथेरपी घेता येते. त्यासाठी धातू काढून टाकण्याची गरज सहसा पडत नाही.
• धातूमुळे सीटी स्कॅनचे चित्र बिघडते आणि धातूतून जाणारे किरण कमी होतात. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते उपचार सुरू होण्यापूर्वी, नियोजनाच्या वेळीच करावे लागतात.
• म्हणून पहिल्याच भेटीत "माझ्या खुब्यात धातू आहे" हे सांगा आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. इम्प्लांटचे स्टिकर असलेले डिस्चार्ज कार्ड या कागदांत सर्वांत मोलाचे असते.
• धातूची भीती वाटते म्हणून रेडिओथेरपी लांबवू नका. उशिराने होणारे नुकसान धातूमुळे येणाऱ्या अडचणीपेक्षा मोठे असते.

हा प्रश्न कोणासमोर येतो?

ओटीपोटाच्या भागात रेडिओथेरपी लागणारे मुख्य आजार म्हणजे गर्भाशयमुखाचा, गर्भाशयाचा, प्रोस्टेटचा, मूत्राशयाचा, गुदाशयाचा आणि गुदद्वाराचा कर्करोग. हे सगळे अवयव दोन्ही खुब्यांच्या मधोमध असतात. त्यामुळे बाजूने सोडलेला किरण या अवयवांपर्यंत पोहोचण्यापूर्वी खुब्यातून जातो. तिथे धातू असेल तर तो वाटेत येतो.

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार भागात खुब्यात धातू असलेले रुग्ण साधारण तीन प्रकारचे दिसतात.

१. वयस्कर माणसे. मोरीत पाय घसरून किंवा ओट्यावरून पडून खुब्याचे हाड मोडते. मग एक तर "गोळा बदलतात", नाहीतर रॉड किंवा प्लेट टाकून हाड जोडतात. कर्करोगाचे प्रमाण याच वयात वाढत असल्याने दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात.

२. संधिवाताने किंवा झिजेने खुबा खराब झाल्यामुळे वाटी आणि गोळा दोन्ही बदललेले रुग्ण.

३. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो कुजलेले, तुलनेने तरुण रुग्ण. स्टिरॉइडची औषधे, दारू आणि सिकलसेल ही त्याची नेहमीची कारणे आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामुळे कमी वयात खुबा बदललेले रुग्ण आपल्याकडे नवे नाहीत. त्यांना पुढे आयुष्यात कधी रेडिओथेरपी लागली तर ही माहिती उपयोगी पडेल.

शस्त्रक्रिया दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असेल तर घरच्यांच्या ती लक्षातही राहत नाही. "आणखी काही आजार?" या प्रश्नाला बीपी आणि शुगर एवढेच उत्तर येते. खुब्याचे ऑपरेशन हा काही आजार नव्हे, म्हणून ते सांगायचे राहून जाते. स्कॅनमध्ये धातू दिसतोच, पण तो कोणता, कधी बसवला आणि पायाच्या हालचालीवर काय बंधने आहेत, हे स्कॅनमध्ये दिसत नाही.

धातूमुळे अडचण कोणती?

अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली अडचण चित्राची. रेडिओथेरपीचे सगळे गणित नियोजनाच्या सीटी स्कॅनवर उभे असते. सीटी स्कॅन शरीराच्या प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, घट्ट हाडाला हजाराच्या पुढे. या आकड्यांवरून संगणक ठरवतो की किरण कुठे किती शोषले जातील. धातूचा आकडा इतका मोठा असतो की नेहमीच्या मोजपट्टीत तो मावतच नाही. ही मोजपट्टी ३०७१ ला संपते. त्यामुळे संगणक धातूला फार घट्ट हाड समजून बसू शकतो. शिवाय धातूच्या आजूबाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. दोन्ही खुब्यांत धातू असेल तर त्यांच्या मधोमध, म्हणजे नेमके प्रोस्टेट, गर्भाशयमुख किंवा मूत्राशय जिथे असते तिथेच, काळा पट्टा येतो. गाठ कुठे संपते आणि मूत्राशय कुठे सुरू होते, हे त्यात नीट दिसत नाही.

दुसरी अडचण किरणांची. पाण्याची घनता १ धरली तर घट्ट हाडाची जवळपास दुप्पट, टायटॅनियमची सुमारे ४.५ आणि स्टील व कोबाल्ट-क्रोमची ८ च्या आसपास असते. जितका दाट धातू, तितके जास्त किरण तो अडवतो. बॅटरीच्या उजेडात हात धरला की मागे सावली पडते, तशी धातूच्या मागे किरणांची सावली पडते. गाठीचा एखादा भाग त्या सावलीत आला आणि ते आधी लक्षात घेतले नाही, तर त्या भागाला ठरवलेल्यापेक्षा कमी मात्रा मिळते. कमी मात्रा मिळालेल्या जागी आजार शिल्लक राहण्याचा धोका असतो. उलट, धातूला अगदी चिकटलेल्या काही मिलिमीटर भागात किरण परत उसळल्याने मात्रा थोडी वाढते.

ही अडचण जगभर ओळखली गेली आहे. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये खुब्यातील कृत्रिम सांध्यांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. धातूचा प्रकार, त्याची जाडी आणि किरणांची शक्ती यांनुसार सावलीतील घट सुमारे दहावा हिस्सा ते निम्म्याहून जास्त इतकी असू शकते, असे त्यात म्हटले आहे. शक्य असेल तेव्हा किरण धातूतून सोडूच नयेत, ही त्यातील मुख्य सूचना आजही पाळली जाते.

कोणता धातू आहे, याला महत्त्व का?

"खुब्यात रॉड आहे" एवढे सांगून डॉक्टरांचे काम अर्धेच होते. टायटॅनियम किरण तुलनेने कमी अडवतो. स्टील आणि कोबाल्ट-क्रोम बरेच जास्त अडवतात. एकाच सांध्यात दोन-तीन पदार्थही असतात. दांडा टायटॅनियमचा, गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा आणि वाटीच्या आत प्लास्टिकचे अस्तर, अशी जोडणी नेहमी वापरली जाते. फ्रॅक्चरनंतर बसवलेल्या नुसत्या गोळ्यात आणि जुन्या प्लेटमध्ये बहुधा स्टील किंवा कोबाल्ट-क्रोम असते. काही सांधे हाडात सिमेंट भरून बसवतात. ते सिमेंटही स्कॅनमध्ये पांढरे दिसते.

धातू नक्की माहीत असेल तर फिजिसिस्ट त्याची खरी घनता संगणकात भरू शकतात. माहीत नसेल तर अंदाजावर काम करावे लागते आणि अंदाज चुकण्याची शक्यता गृहीत धरून धातूपासून आणखी लांब राहावे लागते.

रेडिओथेरपीचे नियोजन: पायरी-पायरीने

१. पहिली भेट. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे रेडिओथेरपीचे कर्करोगतज्ज्ञ, तपासणी करून उपचार ठरवतात. खुब्याची माहिती आणि कागद इथेच द्यायचे. पायाची कोणती हालचाल जमत नाही, सरळ झोपल्यावर दुखते का, हेही सांगायचे.

२. नियोजनाचा सीटी स्कॅन. हा स्कॅन निदानासाठी केलेल्या स्कॅनपेक्षा वेगळा असतो. रोज उपचार घेताना ज्या स्थितीत झोपायचे, त्याच स्थितीत तो काढतात. टेबल सपाट आणि कडक असते. गुडघ्याखाली आधार देतात आणि त्वचेवर खुणेचे ठिपके काढतात. ओटीपोटाच्या उपचारात ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरायला सांगितले जाऊ शकते. खुब्यात धातू असेल तर आधुनिक स्कॅनरवर धातूच्या पट्ट्या कमी करणारे सॉफ्टवेअर वापरतात आणि मोठ्या आकड्यांची मोजपट्टी निवडतात.

३. एमआरआय. गाठ आणि आसपासचे अवयव एमआरआयमध्ये जास्त स्पष्ट दिसतात. म्हणून काही रुग्णांत एमआरआय काढून तो सीटीशी जुळवतात. खुब्याचे बहुतेक आधुनिक इम्प्लांट काही अटी पाळून एमआरआयमध्ये चालतात. तरीही आत जाण्यापूर्वी तिथल्या तंत्रज्ञाला इम्प्लांटबद्दल सांगणे आवश्यक आहे. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

४. चित्राची दुरुस्ती. मेडिकल फिजिसिस्ट आणि डॉक्टर स्कॅनवर धातूची कड आखतात आणि त्याला योग्य घनता देतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जिथे आल्या, तिथे प्रत्यक्षात स्नायू किंवा चरबी आहे हे माहीत असल्यामुळे त्या जागी योग्य आकडा हाताने भरतात. हे काम किचकट आहे. त्यामुळे प्लॅन तयार व्हायला इतर रुग्णांपेक्षा एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. हा वेळ वाया जात नाही.

५. किरणांच्या दिशा ठरवणे. ओटीपोटाला पूर्वीपासून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अशा चार दिशांनी किरण देण्याची पद्धत आहे. त्यातले बाजूचे दोन किरण थेट खुब्यातून जातात. ते बंद करून फक्त समोरून आणि मागून दिले, तर धातू टळतो, पण मूत्राशय आणि गुदाशय यांच्यावरचा भार वाढतो. म्हणून आता जिथे सोय आहे तिथे आयएमआरटी किंवा व्हीमॅट या पद्धती वापरतात. आयएमआरटीत अनेक दिशांनी कमी-जास्त तीव्रतेचे किरण देतात. व्हीमॅटमध्ये यंत्र रुग्णाभोवती फिरत किरण सोडते. फिरताना धातूसमोर आले की तेवढ्या टप्प्यात किरण बंद ठेवता येतात. गाठीतून आरपार गेल्यावर किरण पलीकडच्या धातूतून बाहेर पडला, तर त्याची फारशी अडचण नसते, कारण त्याचे काम तोपर्यंत झालेले असते. टाळायचे ते धातूतून आत शिरणे.

६. मात्रेचे गणित आणि तपासणी. धातूजवळ साध्या गणितपद्धती चुकू शकतात. अनेक केंद्रांत मॉन्टे कार्लोसारख्या जास्त अचूक पद्धती उपलब्ध असतात. प्लॅन तयार झाल्यावर रुग्णाला देण्यापूर्वी तो मोजमापाच्या साधनावर चालवून पाहतात.

७. रोजचा उपचार. झोपवल्यावर यंत्रावरच छोटे चित्र काढून स्थिती जुळवतात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच चालतात. त्या वेळी काहीही जाणवत नाही.

दिशा ठरवताना एक तोल साधावा लागतो. धातू शंभर टक्के टाळायचा तर दुसऱ्या अवयवांवरचा भार वाढतो. तो भार कमी करायचा तर धातूच्या कडेने थोडे किरण जाऊ द्यावे लागतात. कुठे थांबायचे हे आजाराच्या टप्प्यावर, रुग्णाच्या वयावर आणि धातूच्या प्रकारावर ठरते. म्हणून शेजारच्या रुग्णाचा प्लॅन आणि तुमचा प्लॅन सारखा नसेल, तर त्यात काही गैर नाही.

दोन्ही खुबे बदललेले असतील तर?

काम अवघड होते, पण थांबत नाही. दोन्ही बाजू बंद झाल्याने किरणांसाठी पुढच्या आणि मागच्या तिरक्या दिशा उरतात. शिवाय चित्रात मधोमध काळा पट्टा येत असल्याने एमआरआयची मदत जास्त लागते. प्रोस्टेटच्या काही रुग्णांत रोजची जागा नेमकी दिसावी म्हणून सोन्याचे बारीक कण ग्रंथीत ठेवतात. अशा रुग्णांनी आयएमआरटी किंवा व्हीमॅटची सोय असलेल्या केंद्रात किमान एकदा मत घ्यावे.

कोबाल्ट यंत्राबद्दलही इथे सांगायला हवे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट यंत्रांनी देशभरात कमी खर्चात असंख्य रुग्णांवर उपचार झाले आहेत आणि होत आहेत. पण त्यांच्या किरणांची शक्ती लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा कमी असते. धातू त्यांना जास्त अडवतो आणि किरणांना हवा तसा आकार देण्याची सोय बहुधा मर्यादित असते. म्हणून खुब्यात धातू असेल तर "माझा उपचार कोणत्या यंत्रावर होणार?" हा प्रश्न विचारणे योग्यच आहे.

प्रोटॉन उपचार हे यावरचे रामबाण उत्तर नाही. मुंबईजवळ खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये ही सोय आहे, पण प्रोटॉन कुठे थांबणार याचे गणित धातूमुळे जास्तच बिघडते. तिथेही धातू टाळूनच दिशा निवडाव्या लागतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि आतून दिली जाणारी रेडिओथेरपी

या आजारात साधारण पाच आठवडे बाहेरून रेडिओथेरपी देतात. अनेक रुग्णांत सोबत आठवड्यातून एकदा केमोथेरपी असते. त्यानंतर आतून रेडिओथेरपी, म्हणजे ब्रॅकीथेरपी, दिली जाते. तिच्यात किरणांचा स्रोत गर्भाशयमुखाच्या अगदी जवळ नेतात आणि किरण थोड्याच अंतरात काम करतात. खुबा त्या मानाने दूर असल्याने धातूचा मात्रेवर फारसा परिणाम होत नाही.

काळजी घ्यायची ती पायांच्या स्थितीची. ब्रॅकीथेरपीसाठी नळी बसवताना पाय वर उचलून फाकवून ठेवतात. कृत्रिम खुबा काही विशिष्ट स्थितीत निखळू शकतो. भूल दिलेली असताना रुग्णाला दुखल्याचे सांगताही येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघांनाही आधीच सांगा. शक्य असल्यास खुब्याच्या सर्जनकडून "पाय किती वाकवायचा, किती फाकवायचा" याची चिठ्ठी घ्या. कोणती हालचाल टाळायची हे शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, यावर अवलंबून असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरची आणि आतली रेडिओथेरपी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवण्याचा प्रयत्न असतो. उपचार लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. म्हणून एकदा उपचार सुरू झाला की लग्नकार्य, पेरणी किंवा सण यांसाठी मध्ये खंड पाडू नका.

रॉड टाकलेल्या हाडावरच रेडिओथेरपी द्यायची असेल तर?

ही परिस्थिती वेगळी आहे. स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग मांडीच्या हाडात पसरला तर हाड मोडते किंवा मोडण्याच्या बेतात येते. सर्जन रॉड टाकून हाडाला आधार देतात. नंतर त्याच जागी रेडिओथेरपी देतात, कारण रॉडने आधार मिळतो पण कर्करोगाच्या पेशी तिथेच असतात. इथे धातू पूर्ण टाळता येत नाही, म्हणून तो हिशेबात धरून मात्रा ठरवतात. ही रेडिओथेरपी एका बैठकीत किंवा पाच ते दहा बैठकांत संपू शकते. जखम भरल्यावरच ती सुरू करतात, त्यामुळे टाके आणि जखमेची स्थिती दाखवायला विसरू नका.

सोबत काय न्यायचे?

• खुब्याच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड. इम्प्लांटच्या खोक्यावरचे छोटे स्टिकर त्यावर किंवा केसपेपरवर चिकटवलेले असते. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि बहुधा धातूही लिहिलेला असतो.
• ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटचे बिल.
• खुब्याचे एक्स-रे, शस्त्रक्रियेनंतरचे आणि अलीकडचे. एक्स-रेत दांड्याचे खालचे टोक दिसायला हवे.
• कर्करोगाचे सगळे रिपोर्ट: बायोप्सी, सीटी, एमआरआय आणि त्यांच्या सीडी.
• पूर्वी कधी रेडिओथेरपी झाली असेल तर तिचे कागद.
• चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळकपणे सांगा.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमधून उपचार घ्यायचा असेल तर आधार कार्ड, रेशन कार्ड आणि योजनेचे कार्ड. योजनेची मंजुरी उपचारापूर्वी घ्यावी लागते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा. कागद पुरात, घरबदलात किंवा वाळवीने जातात. मोबाइलमधला फोटो तेवढ्यासाठीच.

कागद सापडत नसतील तर? ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथल्या रेकॉर्ड विभागात रुग्णाचे नाव आणि साधारण महिना-वर्ष सांगून चौकशी करा. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली असेल तर दाव्याच्या कागदांत इम्प्लांटचे बिल असू शकते. काहीच मिळाले नाही, तर दोन्ही खुब्यांचा नवा एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आकारावरून इम्प्लांटचा प्रकार ते बऱ्याचदा ओळखू शकतात. मात्र कागद शोधण्यासाठी रेडिओथेरपीची तारीख पुढे ढकलू नका. डॉक्टरांना "कागद नाहीत" असे स्पष्ट सांगा. त्याप्रमाणे ते सावध नियोजन करतात.

इम्प्लांटची नोंद जपण्याला आणखी एक कारण आहे. २०१० मध्ये डीप्यू कंपनीने एएसआर हा कोबाल्ट-क्रोमचा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. भारतातही तो बसवलेले रुग्ण होते आणि त्यांतल्या अनेकांचा पत्ता पुढे लागला नाही. आपल्या शरीरात काय आहे, याची नोंद आपल्याही हातात असावी.

उपचाराच्या दिवसांत खुब्याची काळजी

रेडिओथेरपी आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. जळगाव-धुळ्याकडून नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला जाणाऱ्या रुग्णांनी रोजच्या ये-जा ऐवजी जवळ मुक्काम करणे चांगले. तासन्‌तास बसून केलेल्या प्रवासाने खुबा आखडतो आणि थकवाही वाढतो.

• मुक्कामाची जागा ठरवताना कमोड आहे का ते आधी विचारा. कृत्रिम खुबा असलेल्या रुग्णाने उकिडवे बसू नये. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची सोबत न्या. रेडिओथेरपीत जुलाब होऊ शकतात, त्यामुळे ही सोय रोज अनेकदा लागते.
• जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नका. पलंग हवा.
• वॉकर किंवा काठी सोबत असू द्या. केमोथेरपीच्या दिवसांत चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.
• कडक टेबलावर झोपून दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी घ्या. दुखले म्हणून मध्येच हलू नका. हात किंवा आवाजाने सांगा, तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून पाहत असतात.
• त्वचेवरच्या खुणा घासून काढू नका. त्या भागावर तेल, बाम किंवा गरम पिशवी लावू नका.

नेहमीचे गैरसमज

"किरणांनी धातू तापतो." नाही. उपचाराच्या किरणांची ऊर्जा धातू गरम होण्याइतकी नसते.

"धातूत किरण साठतात, घरातल्या लेकरांना धोका होतो." नाही. बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिओथेरपीत यंत्र बंद झाले की किरण संपतात. नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही.

"आधी रॉड काढा, मग या." असा सल्ला फक्त कर्करोगतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर दोघांनी मिळून दिला, तरच ऐका. केवळ रेडिओथेरपीसाठी कृत्रिम सांधा काढणे म्हणजे नवी मोठी शस्त्रक्रिया, नवी जखम आणि लांबलेला उपचार.

"आधी खुबा बदलून घेऊ, मग कर्करोगाचे पाहू." हाड मोडले असेल तर त्याचा उपचार थांबवता येत नाही. पण झिजेसाठी ठरवलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. कर्करोगाचे निदान झाले असेल तर क्रम दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा.

केव्हा लगेच दाखवायचे?

• खुब्यात अचानक तीव्र कळ, पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, पायावर भार न देता येणे. सांधा निखळला किंवा हाड मोडले असू शकते.
• ताप, थंडी, खुब्याच्या जुन्या जखमेजवळ लाली, सूज किंवा पू. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• लघवी अडणे, लघवीतून किंवा शौचातून रक्त, न थांबणारे जुलाब.
• पायाला एका बाजूने सूज आणि पोटरीत दुखणे.

उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी कमरेत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले, तरी दाखवा. किरणांमुळे ठिसूळ झालेल्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये. प्रत्येक दुखणे म्हणजे कर्करोग परतला असे नसते, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझ्या खुब्यातील धातू नियोजनात धरला आहे का? तो कोणता आहे असे तुम्ही मानले आहे?
२. किरण धातूतून जाणार आहेत का? जाणार असतील तर किती आणि का?
३. धातू टाळल्यामुळे मूत्राशय किंवा गुदाशयावरचा भार वाढतो का? त्याची कोणती लक्षणे पाहायची?
४. एमआरआयची गरज आहे का?
५. इथल्या यंत्रावर हा उपचार नीट होईल, की दुसऱ्या केंद्रात जाणे चांगले?
६. ब्रॅकीथेरपी लागणार असेल तर पायांची स्थिती कशी ठेवणार?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रेडिओथेरपी केंद्रात डॉक्टरांबरोबर मेडिकल फिजिसिस्टही असतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार त्यांची नेमणूक बंधनकारक आहे आणि अशा गुंतागुंतीची उत्तरे काढणे हेच त्यांचे काम आहे. त्यांना लागणारी अर्धी माहिती मात्र तुमच्या घरातल्या जुन्या फाइलमध्ये असते. पहिल्या भेटीला निघण्यापूर्वी ती फाइल पिशवीत टाका.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.